श्रेणी म्हणा, दर्जा नव्हे!

फलक रंगवणाऱ्या पेंटरकाकांच्या हातून कधी काना-मात्रेची चूक झाली नव्हती. पण स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र त्यांनी माती खाल्ली!

लेक बास्केटबॉल खेळायची, तेही पगार घेऊन, शहराच्या संघाची कर्णधार म्हणून. पण लीग दुसऱ्या श्रेणीची. वरच्या श्रेणीचे सामने टीव्हीवर दिसत, हिचे शहरातल्याच हॉलमध्ये होत. त्यावरून घरात काकांची रोज कटकट.

"अगं, त्यापेक्षा विमा ऑफिसातली नोकरी धर. मी शब्द टाकलाय."

लेक कंटाळली. पुढच्या वर्षाच्या करारावर रविवारच्या सामन्यानंतर सही करायची होती. ती आईला म्हणाली, "बाबांना लाज वाटत असेल तर सोडतेच मी खेळ."

नेमकं त्याच सामन्याचा फलक रंगवायचं काम काकांकडे आलं. कागदावर होतं, 'दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये आपल्या संघाचा सामना'. रविवारी दुपारी हॉलच्या दारावर फलक चढला आणि वाचणारे खो-खो हसायला लागले. ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या दुसऱ्या दर्जाच्या संघाचा सामना. अवश्य या!'

लेकीनं वाचलं. "बाबा, हात नाही चुकला तुमचा. मनात होतं तेच उतरलं," एवढं बोलून ती आत गेली. काकांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात लॉन्ड्रीवाल्या मावशी संघाचे धुतलेले टी-शर्ट घेऊन आल्या. फलक पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय हो पेंटर, इमारतींत 'पहिला मजला', 'दुसरा मजला' तुम्हीच रंगवता ना? मग दुसऱ्या मजल्यावरची माणसं काय हलकी असतात?"

"तसं नाही हो मावशी, पण टीव्हीवर..."

"टीव्हीचं कौतुक मला नका सांगू! दवाखान्याची लिफ्ट बंद पडली तेव्हा माझ्या सासूबाईंना खुर्चीसकट तीन मजले कुणी चढवलं? तुमच्या लेकीनं आणि तिच्या त्या ताडमाड मैत्रिणीनं! दर बुधवारी वाचनालयात म्हाताऱ्यांना व्यायाम कोण शिकवतं? हाच संघ! तुम्ही एक तरी सामना पाहिलात का?"

काकांनी मान खाली घातली. एकही नाही!

मग मात्र त्यांनी शिडी लावली. सगळ्यांच्या देखत 'दर्जाच्या' पुसून 'श्रेणीच्या' लिहिलं आणि खाली भर घातली, 'कर्णधार: माझी मुलगी'. टाळ्यांचा कडकडाट झाला. दारातून डोकावणाऱ्या लेकीचे डोळे भरून आले.

काका पुढच्याच रांगेत बसले. नियमांच्या नावानं बोंब! समोरच्या संघानं चेंडू जाळीत टाकला तरी उठून नाचायचे.

"अहो, तो गुण त्यांचा!" मावशी शर्ट ओढून त्यांना खाली बसवायच्या. हसून हसून सगळी रांग बेजार झाली.

सामना एका गुणानं गेला. तरी अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता! लेक घाम पुसत आली.

"हरलो, बाबा."

"एका गुणानं हरलो आपण, एका! पुढच्या वर्षी बघून घेऊ त्यांना!"

"आपण? पुढच्या वर्षी?"

"मग! आधी सही कर बघू त्या करारावर!"

लेकीनं हसत हसत सही ठोकली.

मंडळी, टीव्हीवर दिसत नाही ते हलकं, असं मानायची खोड आपल्यालाही आहे, नाही का? ती सोडूया. आपल्या गल्लीतली मुलं-मुली आपल्यासाठी घाम गाळतात, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला आधी आपणच जायला हवं. येत्या रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन त्यांच्या सामन्याला जा!