खिळ्यावरचा नान

दस्तरखानाचं कापड झटकायला मुहय्योने उचललं आणि सासूने, सनोबरने, तिचं मनगट धरलं. दुमडीत नानचा नखाएवढा तुकडा राहिला होता. तिने तो टिपला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"उवोल लागेल, सूनबाई. डोळे कुठे असतात तुझे?"

उवोल म्हणजे ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यावर केलेला अन्याय, आणि करणाऱ्याला लागणारं त्याचं पाप. अन्न सांडलं, उवोल. मुंगी चिरडली, उवोल. सात वर्षं या घरात तो शब्द दिवसातून दहादा निघत होता. सुनेसाठी मात्र कधी निघाला नव्हता.

भिंतीवर खिळ्याला एक नान टांगलेला होता. मॉस्कोला कामाला निघताना मुहय्योच्या नवऱ्याने, एर्किनने, रिवाजाप्रमाणे त्याचा एक घास घेतला होता. उरलेला त्यानेच परत येऊन संपवायचा, तोवर कुणी तोंड लावायचं नाही. तेव्हा लग्नाला चाळीस दिवस झाले होते. मुहय्यो दर शुक्रवारी त्या नानवरची धूळ पुसायची.

आज सकाळी शेजारीण तंदूर पेटवता पेटवता बोलून गेली. तिचा मुलगा मॉस्कोहून आला होता. एर्किनची तिथली लेक आता तीन वर्षांची झाली म्हणे. मुहय्योचा चेहरा पाहून तिने जीभ चावली. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"आई, एर्किनला तिकडे मुलगी आहे. तुम्हाला माहीत होतं?"

सनोबरने किटली उगाच इकडची तिकडे केली.

"पुरुषमाणूस आहे. दमेल, येईल. आणि तू गेलीस तर मला कोण बघणार?"

निदान खरं तरी बोलली. मुहय्योला राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची कीव.

तिने नान उतरवला. सासू "अगं, अगं" करत उठेपर्यंत तो बत्त्याने फोडून वाडग्यात घातला, वर गरम चहा ओतला आणि वाडगा तिच्यापुढे ठेवला.

"हा त्याचा आहे गं," सनोबर म्हणाली.

"तो येत नाही. आणि भिजलेला नान ठेवता येत नाही. खा, नाहीतर मी गटारात ओतते."

सनोबरने जन्मात कण वाया जाऊ दिला नव्हता. तिने वाडगा जवळ ओढला.

मुहय्यो कपड्यांचं गाठोडं घेऊन दारात आली, तेव्हा सासू मान वर न करता तळाशी राहिलेला चुरा बोटाने टिपत होती.