भांदकाच्या चढावरची मालगाडी

चौपन्न सालच्या पौषात गुणवंतराव ड्रायव्हरने दुरुस्तीवहीत एकच तक्रार चौथ्यांदा लिहिली : वाळूच्या नळ्या तुंबतात. आधीच्या तिन्ही तक्रारींपुढे इंजिनशेडच्या फोरमनने लाल शाईत 'पाहिले, ठीक आहे' असा शेरा मारला होता.

इंजिन पहिल्या महायुद्धाच्याही आधी विलायतेत घडवलेलं, खास जड मालासाठी. आठ बुटकी, दणकट चाकं. चाळीस डबे कोळसा ते अजूनही निमूट ओढत नेई. फक्त रूळ ओले असले की चाकांपुढे कोरडी वाळू पडायला हवी, नाहीतर चाकं जागच्या जागी गरगरत. पहाटेच्या दवात वाळू दमट होऊन नळीत घट्ट बसे. फोरमन मात्र भर दुपारी उन्हात वाळू सोडायचा दांडा ओढून बघे. वाळू भुरभुर पडे, आणि तो वहीत शेरा मारून मोकळा होई.

त्या दिवशी बल्लारपूरहून निघालेली गाडी भांदकाच्या अलीकडे चढावर आली, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. धुकं अजून रुळांवर बसून होतं. चाकं एकदम सुसाट फिरली, धुराड्यातून धडधड धूर निघाला आणि गाडी थांबली. गुणवंतरावांनी वाळूचा दांडा ओढला. काही नाही. फायरमन कोलूने खाली उतरून नळी पान्ह्याने ठोकली, तार घालून खरवडली. ओल्या पिठासारखा गोळा तेवढा बाहेर आला.

"चारदा लिहिलं! चारदा!" गुणवंतराव ओरडले. ऐकायला होता एकटा कोलू.

मागे चांद्याला पॅसेंजर अडकली असणार, हे त्यांना कळत होतं. तेवढ्यात जंगलातून पाच-सहा बाया टोपल्या घेऊन आल्या. आवळे वेचायला निघालेल्या.

"काऊन थांबलं जी हे?" पुढच्या बाईने विचारलं. तिचं नाव मंगली.

"चाकं घसरून राह्यली, बाई. कोरडी वाळू पाह्यजे."

मंगलीने खालच्या नाल्याकडे बोट दाखवलं. कोलू तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलला आणि बाया उताराने खाली गेल्या. पुलाच्या कमानीखाली, जिथे दव पोचत नव्हतं, तिथली वाळू त्यांनी टोपल्या भरभरून आणली. कोलूने अन् त्यांनी मिळून दोन्ही रुळांवर ती मुठीमुठीने पसरली, पार चढाच्या माथ्यापर्यंत. मग गुणवंतरावांनी बायांना लांब उभं केलं आणि हलक्या हाताने वाफ सोडली. चाकांनी करकर करत रूळ धरला. गाडी हलली.

भांदकाला स्टेशनमास्तरने हातात कागद ठेवला. सव्वा तास उशीर का झाला, आणि परक्या माणसांना रुळांवर कोणाच्या हुकमाने येऊ दिलं?

"त्या बाया नसत्या तर गाडी अजून तिथीच असती!"

"ते लेखी द्या," मास्तर म्हणाले.

दिलं. फोरमनने उलट लिहिलं की नळ्या तपासल्या आहेत, चालू आहेत, दोष हाकणाऱ्याचा. दुसऱ्या खेपेला तेच इंजिन समोर आलं तेव्हा गुणवंतरावांनी हात मागे घेतला.

"नळ्या बदलल्याबिगर मी हे नेत नाई."

त्यांना यार्डात शंटिंगवर टाकलं. सव्वीस वर्षं मेन लाइनवर काढलेला माणूस रिकामे डबे इकडून तिकडे ढकलू लागला. कोलू आपणहून त्यांच्यासोबत आला.

माघात दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली ते इंजिन त्याच चढावर पुन्हा अडकलं. या वेळी मागच्या गाडीला एका मोठ्या साहेबाचा खास सलून-डबा जोडलेला होता. तीन दिवसांत नळ्या नव्या बसल्या, वाळूच्या पेटीवर घट्ट झाकण आलं. फोरमनला तत्परतेबद्दल शाबासकीचं पत्र मिळालं. ते त्याने शेडच्या दारात लावलं.

कोलू ते कोणाकडून तरी वाचून घेऊन पोट धरून हसला. "भाऊ, तुमच्याच चारही तक्रारीचं बक्षीस त्याले भेटलं!"

गुणवंतरावांना हसू आलं नाही. "डबे जोड," ते म्हणाले, आणि उन्हाळा संपेपर्यंत शंटिंगवरच राहिले.