दोन थापा

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाने दार ओढून घेतले आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला. बंबाचे इंजिन धडधडत होते, पाचही माणसे चढली होती, आवारात नगर परिषदेच्या समितीच्या अध्यक्षबाई स्टॉपवॉच हातात घेऊन उभ्या होत्या. आणि बंब जागचा हलत नव्हता.

सकाळीच ठरले होते. एरवी शेवटचा माणूस चढला की चालकाच्या पाठीमागच्या पत्र्यावर दोन थापा देतो, आणि त्या ऐकल्याखेरीज चालक, म्हणजे मामा, गाडी सोडत नाहीत. वेळ वाचवायला आज थापा नाहीत. मामांनी आरशात पाहायचे आणि निघायचे. घंटेपासून फाटकापर्यंत एक मिनिट. तेवढ्यात बंब बाहेर पडला नाही, तर हे केंद्र बंद करण्याचा ठराव समितीपुढे होता. मग गिरणीमागच्या वस्तीला मुख्य केंद्राचा बंब अकरा मिनिटे उशिरा पोहोचणार. तिथली घरे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपल्यासारखी. अकरा मिनिटांत त्यांतले काय उरेल, हे प्रमुखाला कुणी सांगायला नको होते.

आरशात मामांचे डोळे दिसत होते. ते कुणाकडेच पाहत नव्हते. ते ऐकत होते.

प्रमुखाने हात सोडवला आणि पत्र्यावर दोनदा मारला.

चौसष्ट सेकंद.

अध्यक्षबाई चिडल्या नाहीत, हेच अधिक जड गेले. त्यांनी एक छापील कागद पुढे केला आणि ‘विलंबाचे कारण’ या चौकटीवर बोट ठेवले. चालकाची चूक असेल तर दुसरा चालक देऊन उद्या पुन्हा चाचणी घेता येते, असे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा जरा हळू. मग त्या शिड्या पाहायला मागच्या बाजूला गेल्या.

लिहिण्याजोगे टेबल फोनच्या खोलीतच होते. तिथे मामांचा मेहुणा बसे, वर्दी घ्यायला. त्याची मुले चालकाला मामा म्हणत, म्हणून सारे केंद्रच म्हणू लागले होते. मामांचा बंब सुटेपर्यंत आग म्हातारी होते, हा त्याचा रोजचा टोमणा. आज त्याने तो मारला नाही. टेबलाखाली त्याचा डावा पाय नेहमीसारखा सरळ, न वाकणारा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा पसरला होता. चौदा वर्षांपूर्वी तो मागच्या चाकाखाली आला होता. थापेची वाट न पाहता चालकाने गाडी सोडली, असे चौकशीत ठरले. मामांनी ते मान्य केले. आपल्याला थापा ऐकू आल्या, असे त्यांना वाटले होते खरे. पण चाकाखाली घरचे माणूस सापडल्यावर स्वतःच्या कानांवर कोण विश्वास ठेवतो?

मामा फडक्याला हात पुसत दारात आले.

“लिहा माझं नाव, साहेब. चार महिन्यांनी निवृत्तच व्हायचंय. माझं काय जातंय?”

उत्तराची वाट न पाहता ते वळले. स्वच्छच असलेला बंब पुन्हा पुसला जाऊ लागल्याचा आवाज आला.

प्रमुखाने खुर्ची पुढे ओढली, मागे सारली, पुन्हा पुढे ओढली. शेवटी पेन टेकवले. ‘चालकाची’ एवढे लिहून झाले.

“थांबा,” मेहुणा म्हणाला. नीटच ठेवलेला रिसीव्हर त्याने उचलून पुन्हा ठेवला. “त्या दिवशी थापा पडल्या होत्या.”

“कुणी दिल्या?”

“मीच. एक पाय खाली होता माझा. उशीर होत होता. म्हटलं, चढतोच आहे, गाडीला निघू दे.”

प्रमुखाने पेन कागदावरून उचलले.

“शुद्धीवर आलो तोवर मामांनी कबूल करून टाकलं होतं. मग उद्या सांगू, परवा सांगू.” त्याने गुडघ्यावर हात ठेवला. “आमच्या घरी येतात. त्यांची बहीण वाढायला घेते, की पाण्याचा पेला रिकामा करून उठतात. तिला वाटतं, भावाची भूक मेली.”

बाहेर फडके पत्र्यावर फिरत होते. थांबत, पुन्हा फिरत. प्रमुखाने लिहिलेला शब्द खोडला नाही. त्यापुढे त्याने सावकाश लिहिले: ‘चूक नाही. सर्व माणसे चढल्याची खूण मिळेपर्यंत आमची गाडी थांबते. पुन्हा चाचणी घेतली तरी थांबेल.’ खाली सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती.

खिडकीतून आवार दिसत होते. मागच्या बाजूने अध्यक्षबाई परतत होत्या. मेहुणा पाय ओढत बंबाकडे निघाला होता. तेवढे अंतर तोडायला त्याला फार वेळ लागला, आणि प्रमुखाने नकळत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून नजर काढून घेतली. मामा पाठमोरे होते. मेहुण्याने एक हात दांडीला घातला, पायरीखाली जमिनीवर डावा पाय रोवला, आणि मोकळ्या हाताने पत्र्यावर दोन थापा दिल्या.

मामांच्या हातातले फडके थांबले.