मुर्ध्याची पितळी नळी

मुर्ध्याच्या खाडीकाठच्या मंडपात सकाळपासून पोटे येऊन बसली होती. राईची, भाईंदरची, मीरा रोडची. बोली निराळ्या, स्वयंपाकघरे निराळी, गाऱ्हाणे मात्र एकच: कळ, वारा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ.

"डॉक्टर काय सांगतो? सब नॉर्मल!" पितळी नळी उंचावून मंडपाचे बुवा आप्पा गरजले. "अरे, नॉर्मल आहे तर दुखतंय कुणाच्या बापाचं? तुम्हाला कुणीतरी करणी करून खाऊ घातलंय! मशीन जिथं आंधळं होतं, तिथं ही नळी बघते!"

मग आप्पा पडद्याआड 'शुद्ध' व्हायला गेले आणि मौन धारण करून परतले. पहिल्या भक्ताच्या बेंबीवर नळी टेकवून त्यांनी चोखले आणि ताटलीत केसांचा पुंजका टाकला. जयजयकार झाला.

मृणालिनी पाहत होती. कोणत्या लोकांत कोणता रोग किती आणि का, हा तिच्या अध्यापनाचा विषय. शेजारी धाकटा भाऊ यतीन. त्याला कित्येक वर्षांचा आयबीएस होता, तपासणीत काही न सापडणारा आतड्यांचा आजार. आप्पांच्या नळीनंतर मध्यंतरी उतारही पडला होता. आता शौचावाटे रक्त जात होते, पँट कमरेवर ठरत नव्हती, आणि दुर्बिणीची तपासणी तो टाळत होता.

"आज एकदा काढू दे, ताई. मुळापासून जाईल."

तिला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. आत सारे बधिर होते. डोळे तेवढे काम करत होते.

त्या डोळ्यांना दिसले की दारात आप्पांची बायको प्रत्येकाला गोडीने विचारते, "कुठले तुम्ही? खाण्यापिण्याचं कसं?" आणि पडद्याआड जाते. मग कोळ्याच्या पोटातून माशाचा काटा निघतो, नोकरदाराच्या पोटातून केस, जैनाच्या पोटातून लसणाची पाकळी. लोकांगणिक हा आजार का बदलतो, यावर जगभरचे संशोधक अजून झुंजत होते. आप्पांनी तो प्रश्न दारातच निकालात काढला होता.

आता पाळी यतीनच्या बेव्हर्ली पार्कातल्या जैन शेजाऱ्याची, जयकुमारभाईंची. आप्पा पडद्याआड होते. रांगेत मागे मुर्ध्याच्या जिजाबाई पोट धरून वाकल्या होत्या.

"जयकुमारभाई, या मावशींना आधी जाऊ द्याल?"

"अरे, का नाही? बसा, मावशी."

आप्पा बाहेर आले, जिजाबाईंना पाहून थबकले, पडद्याकडे वळले.

"थांबू नका, आप्पा," मृणालिनी मोठ्याने म्हणाली. "मावशींना सोसवत नाहीये."

"आप्पा, जल्दी करो!" मंडप ओरडला. मौन आप्पांचेच होते. मोडायची सोय नव्हती. नळी टेकली. ताटलीत पांढरीशुभ्र लसणाची पाकळी पडली.

जिजाबाई उठून बसल्या. "लसून? आरं, लसून तं मी रोजच खाते! त्याच्याबिगर माझं कालवन न्हाय. ही कंची करनी?"

हशा पिकला. जयकुमारभाई तेवढे हसले नाहीत.

"ही माझी होती," ते हळू म्हणाले. "मागच्या वेळीही हीच निघाली. वहिनीनं खाऊ घातलं म्हणून मी तिच्याशी बोलणं सोडलं."

हसू विरले. जिजाबाईंनी पडदा ओढला. मागे मिसळणाचा डबा होता. हळद-मोहरीच्या वाट्यांत केस, काटे आणि सोललेला लसूण. 'शुद्ध' होताना आप्पा यातलेच गालात धरत, म्हणून ते मौन.

"पण मला बरं वाटलं होतं, ताई," यतीन पुटपुटला.

"वाटलंच असेल. या आजाराला भरती-ओहोटी असते. भरतीला माणूस इथे धावतो, ओहोटीचं श्रेय नळी घेते. खोट्या गोळीनंही पुष्कळांना उतार पडतो. तुझं दुखणं खोटं नव्हतं, यतीन. नळी खोटी होती. हा आजार सगळीकडे सारखा नसतो. कुणाला कळ छळते, कुणाला गॅस. पाश्चात्त्य देशांत बाया जास्त, आपल्या दवाखान्यांत पुरुष. कदाचित इथल्या बाया पोटाचं बोलतच नाहीत म्हणून. पण एक गोष्ट कुठल्याच मुलखात बदलत नाही. रक्त या आजाराचं नसतं."

यतीनने ताटली दूर सारली.

"उद्या जाऊ?"

"आज."

त्याला उठवताना खांद्याचे हाड तिच्या तळव्याला लागले. तपासणीत काय निघेल, ते तिला ठाऊक नव्हते. डबा मात्र सर्वांना दिसला होता. तुमचे खाणे विचारून पथ्य सांगणारा वैद्य असतो. तुमचे खाणे विचारून शत्रू नेमून देणारा ठग असतो. जयजयकार करण्याआधी पडदा बाजूला करा. आणि रक्त दिसले, तर पडद्यापाशीही थांबू नका.