दोनशे पावलांवरचा खडक

मेघालीच्या पुस्तकातलं अकरावं पान पोरांना फार आवडलं, आणि त्याच पानाने घात केला.

पुस्तक म्हणजे काय, तर सोळा जाड पानं, बालवाडीतल्या पोरांनी चावली तरी टिकतील अशी. पहिलं सोडून प्रत्येक पानावर किनाऱ्यावरचा एक जीव, खाली ‘कुठे दिसेल?’ आणि ‘हात लावू का?’ मेघाली बोईसरला बालवाडी चालवते. चित्रं तिचीच. पालघरच्या एका संस्थेने आठशे प्रती छापून शाळांतल्या पोरांना घरी न्यायला वाटल्या. अकराव्या पानावर खडकाला चिकटलेली कालवं होती. तिथे मेघालीने लिहिलं होतं, ‘नवापूरच्या सुरूच्या बनापासून उत्तरेला दोनशे पावलं, पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला’. पोरांना मोजायला मजा यावी म्हणून वाळूत इवल्या पावलांची रांगही काढली होती.

ही जागा तिला काशीबाईने दाखवली होती. काशीबाई तिची सख्खी मावशी, लग्न होऊन नवापूरला गेलेली. त्या खडकाला बायका ‘नणंदेचा खडक’ म्हणत. तो उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडायचा, तोही जेमतेम दीड-दोन तास. ही जागा सासू सुनेला दाखवते. पोटच्या लेकीला नाही, कारण लेक परगावी जाते आणि जागा सोबत घेऊन जाते. काशीबाईला ना लेक ना सून. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने भाचीला नेलं. कुणाला सांगू नकोस, असं काही ती म्हणाली नाही. नवापुरात ते सांगावं लागत नाही. बोईसरला वाढलेल्या मेघालीला ते कुठून कळणार? शहाणीने वर पहिल्या पानावर छापलं, ‘सगळं दाखवणाऱ्या माझ्या काशीमावशीला’.

पौर्णिमा रविवारी आली. सकाळी सहाला बायका कोयत्या-पाट्या घेऊन गेल्या तर खडकावर आधीच वीस-पंचवीस माणसं. बादल्या, हातोडे, पोरं, फोटो. एका बाप्याने पुस्तक पुढे धरून बायकांच्या म्होरकीला, इंदुबाईलाच विचारलं, “भाभी, यही है ना वो पत्थर?” पुढच्या अमावास्येला त्याहून दुप्पट आली. कालवं बोटाएवढी असतानाच खरवडून नेली.

 इंदुबाईने भांडण केलं नाही. तिने फक्त काशीबाईच्या दारात हाक मारणं बंद केलं. चाळीस वर्षं प्रत्येक उधाणाला ‘काशे, निघालो गो’ ही हाक यायची. आता पाट्या दारावरून जायच्या, बांगड्या वाजायच्या, हाक नाही. बोंबील वाळवायच्या वलांडीशी काशीबाई गेली की बोलणं थांबायचं. शेवाळलेल्या खडकावर या वयात एकटीने जाता येत नाही. धरायला शेजारणीचा हात लागतो. काशीबाई कोयती मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून राहायची.

मेघालीला हे कळलं. ती धावत आली.

“मावशी, दुसरी आवृत्ती निघतेय. मी ते पान काढते.”

“आता काय काढतेस?” काशीबाई म्हणाली. “पोरांचं पाठ झालंय. आनि माजं नाव हाय पहिल्याच पानावर. मी नाय सांगितलं, असं कोनत्या तोंडानं बोलू?”

रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती उठली आणि तिने चहा टाकला. मेघाली कप हातात घेऊन हिशेब करू लागली. आठशे घरांतून आठशे पुस्तकं कशी परत आणणार? माफी मागावी तर मावशीचा गुन्हा पक्का होतो. गप्प बसावं तर तो आहेच.

पुढच्या पौर्णिमेला ती पहाटेच नवापूरला पोचली. बायका दारावरून जात होत्या. मेघाली वाटेत आडवी उभी राहिली.

“इंदुमावशी, माझ्या मावशीने काही दाखवलं नाही. मी तिच्या मागून लपत गेले. जागा चोरली मी. वर तिचं नाव छापलं, म्हणजे तुम्हाला खरं वाटावं.”

खोटं बोलताना तिचा आवाज जराही कापला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

इंदुबाईने तिला नखशिखान्त न्याहाळलं, मग ती उंबऱ्याकडे वळली. “काशे, खरं हाय काय?”

काशीबाई भाचीकडे बघत राहिली. याच पोरीला तिने हात धरून त्या खडकावर चढवलं होतं. पहिलं कालव फोडून कच्चंच तिच्या तोंडात घातलं होतं.

“हाय,” काशीबाई म्हणाली. “चोरून आलती.”

“मंग ऐक गो पोरी,” इंदुबाई म्हणाली. “तुजा पाय परत आमच्या किनाऱ्यावर दिसला नाय पायजे.” आणि त्याच दमात, “काशे, निघालो गो!”

काशीबाई उठली. पाटी कमरेला लावली, इंदुबाईचा हात धरला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं खोटं तिथेच उघडं पडलं असतं.

मेघाली त्यांच्या मागून सुरूच्या बनापर्यंत गेली. दुसऱ्या आवृत्तीतून अकरावं पान जाणार होतं, आणि आता पहिलंही. चोराने आभार कुणाचे मानायचे? समोर ओल्या वाळूत बायकांची पावलं उमटत उत्तरेकडे चालली होती, तिच्या चित्रातल्यासारखीच. त्यांत मावशीचं, एका पायावर जोर देऊन टाकलेलं, तिला लांबूनही ओळखू येत होतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि तसंच मागे घेतलं. पुढची दोनशे पावलं आता तिची नव्हती.