बारावा फोटो

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या दिवाळीत रूपरावांच्या घरी जावई रुसला. यात नवल काही नव्हतं. पहिल्या दिवाळसणाला जावयानं रुसायचंच असतं; जो रुसत नाही त्याला लोक खुळा समजतात. श्रीधर वर्ध्याला एका कचेरीत कारकून होता, नालवाडीत भाड्यानं राहायचा, आणि खुळा तर मुळीच नव्हता. उटणं लावून तो आंघोळीच्या पाटावर बसला तो उठेचना. कापड दिलं, हात फिरवून बघितलं, पाट सोडला नाही. घड्याळ दिलं, मनगटाला बांधून घेतलं, तरी पाट सोडला नाही. पाठीवरचं उटणं वाळून त्याचे पोपडे गळायला लागले, पाहुणा थंडीनं कुडकुडायला लागला, पण बाणा कायम.

रूपरावांनी सुस्कारा टाकला आणि कपाटातून कॅमेरा काढला. हेच मागणं येणार हे लेकीनं, कोकिळेनं, पत्रात आधीच कळवलं होतं. घड्याळावर भागलं तर बघावं म्हणून त्यांनी तो मागं ठेवला होता, एवढंच.

खरं सांगायचं तर कॅमेरा घेताना त्यांच्या मनात जावयापेक्षा गुलाबच जास्त होता. गुलाब त्यांचा बैल. पांढराशुभ्र, कपाळावर चिंचोक्याएवढा तांबडा ठिपका, डावा कान टोकाशी फाटलेला. अठरा वर्षांचा झाला होता, दात गेले होते, दोन वर्षांपासून जुवाखाली मान दिली नव्हती. जाम गावच्या चौफुलीवरून परगावच्या बाजाराला गुरं नेणारे ट्रक दिसले की शेजारचे नत्थूजी सल्ला द्यायचे, "काढून टाका आता." रूपराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. हा यंदाचा पावसाळा कसाबसा निभला, पुढचा निभणार नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांच्या वडिलांचा फोटो नव्हता, आता चेहराही नीट आठवत नव्हता. गुलाबचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

कॅमेरा म्हणजे एक काळा डबा. वर्ध्याच्या फोटोवाल्यानं त्यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ऊन पाहिजे, उन्हाशिवाय काही निघत नाही. रोलमध्ये बाराच फोटो. आणि प्रत्येक फोटोनंतर रोल पुढं सरकवायचा कान पिळायचा, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत. रूपराव हे जावयाला सांगायला गेले.

"मामाजी, मला शिकवू नका," श्रीधर म्हणाला. वर्ध्याला गेल्यापासून तो शुद्ध बोलायचा. "आमच्या साहेबांकडे असाच आहे."

ऊन पाहिजे म्हटल्यावर लक्ष्मीपूजन दुपारी तीन वाजता अंगणात झालं. लक्ष्मीचा पाट बाहेर आणला, बत्ताशे मांडले, पणत्या लावल्या. उन्हात ज्योत दिसेना, म्हणून जावयानं तेल वाढवायला सांगितलं. तरी दिसेना.

"दिवसा दिवे लावते का कोणी?" जावयाच्या सासूबाई, यशोदाबाई, पदर डोक्यावर ओढून पुटपुटल्या. "लक्ष्मी येन कशी?"

"वाट तर दिसन तिले," रूपराव म्हणाले. जावयाची बाजू घेणं भाग होतं.

नत्थूजी कुंपणाशी येऊन उभे राहिले. "आटोपली का जी दिवाळी? मंग संध्याकाळी काय, शिमगा?"

बत्ताशांवर मुंग्या चढल्या, पण फोटो निघाले. एक लक्ष्मीचा, एक सासूसासऱ्यांचा, एक कोकिळेचा, अन् बाकीचे सगळे जावयाचे. जावई पूजा करताना, जावई घड्याळ बघताना, जावई फुलबाजी धरून, फुलबाजी विझलेली. संध्याकाळी खरी अमावास्या आली तेव्हा तेल संपलं होतं, आणि लक्ष्मी गावात ज्या कुणाकडे गेली असेल ती गेली. लाल खिडकीत शेवटचा, बारा आकडा आला होता.

"जवाईबापू, एक फोटो राखजा," जेवताना रूपराव म्हणाले. "उद्या गायगोधन आहे. गुलाबले सजवतो."

"बघू," श्रीधर म्हणाला.

पाडव्याला गावातली सगळी गुरं सजतात. रूपराव पहाटेच उठले. गुलाबला घासून धुतला, शिंगं रंगवली, पोळ्याची झूल काढून पाठीवर टाकली. म्हातारा बैल झोकांड्या खात होता, पण रंग लागल्यावर त्यानं मान वर केली. त्याला घेऊन ते अंगणात आले तेव्हा दारात जावई उभा होता. काळा कोट, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात पाच पणत्यांचं तबक. मागं घरातला अंधार. समोर कोकिळा कॅमेऱ्याचा डबा पोटाशी धरून उभी होती.

"हलू नको. दाब," श्रीधर म्हणाला.

खट्.

"बारा झाले. रोल संपला," त्यानं जाहीर केलं.

रूपराव दोर धरून तसेच उभे राहिले. जावयाला काय बोलणार? गुलाब त्यांच्या खांद्याला नाक घासत होता.

"बाबा पहाटपासून धुऊन राह्यले त्याले," कोकिळा हळूच नवऱ्याला म्हणाली.

श्रीधरनं तिच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, आणि एकदम हसला. "अहो मामाजी, एक निघेल की. उभा करा त्याला. तोंड इकडे."

रूपरावांनी गुलाबची म्होरकी धरून तोंड वर केलं. ऊन बरोबर त्याच्या कपाळावर पडलं होतं. खट्.

"आला. छान आला," जावई म्हणाला.

रूपरावांना इतका आनंद झाला की जावई वर्ध्याला निघताना त्यांनी त्याच्या पिशवीत तुपाचा डबा जास्तीचा टाकला. शिवाय करंज्या. शिवाय मुलीला बजावलं, "जवाईबापूले जपजो. मनाचा मोठा आहे."

पौषात गुलाब बसला तो उठला नाही. बांधावरच्या बाभळीखाली त्याला मूठमाती दिली. रूपराव दोन दिवस जेवले नाहीत. रिकाम्या दावणीकडे बघवेना, म्हणून गोठ्यात जायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि वर्ध्याची बस धरली.

नालवाडीच्या खोलीत श्रीधर कचेरीतून येऊन चहा पीत होता. सासरे फोटो मागायला आलेत म्हटल्यावर चहा त्याच्या नाकात गेला.

"तो बिघडला मामाजी. बाकीचे चांगले आलेत. हे बघा, हा माझा घड्याळाचा."

"बिघडला असन तरी द्या. जसा आहे तसा द्या. गुलाब गेला जी."

श्रीधर म्हणाला, फेकून दिला. कोकिळा उठली. बाप डोळे पुसतो हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिनं तांदळाच्या डब्यात हात खुपसला आणि तळाशी लपवलेला फोटो काढून बापाच्या हातात दिला.

रूपरावांना आधी फक्त गुलाबच दिसला. तोच फाटका कान, कपाळावरचा तोच ठिपका, नुकती रंगवलेली शिंगं, आणि मान वर केलेली. ते हमसून हमसून रडले. बऱ्याच वेळानं डोळे निवळले तेव्हा त्यांना कोट दिसला. गुलाबनं काळा कोट घातला होता. मनगटावर घड्याळ होतं, हातात तबक होतं, त्यात पाच पणत्या होत्या, आणि मानेच्या वर जिथं जावयाचं तोंड असायला हवं तिथं गुलाबचं तोंड होतं. गॉगलच्या दोन काळ्या काचांमधून गुलाबचे दोन मोठे डोळे शांतपणे बघत होते.

"फोटोवाल्यानं सांगितलं," कोकिळा म्हणाली, "कान पिळला नाई, म्हणून एकावर एक पडले."

"कॅमेराच भिकार आहे," श्रीधर ओरडला, आणि संतापात शुद्ध बोलणं गळून पडलं. "अन् म्या त्याचा फोटो काढलाच नवता. रोल संपलता. म्या त नुसतं खट् केलं, तुमचं समाधान व्हाव म्हणून."

बोलून गेल्यावर श्रीधरलाच कळलं आपण काय बोललो ते. रूपरावांना तुपाचा डबा आठवला. करंज्याही आठवल्या. राग यायला हवा होता, पण हातात गुलाब होता, आणि फसवणुकीतून का होईना, याच माणसानं तो दिला होता. त्यांना हसू यायला लागलं. रडं पुरतं ओसरलं नव्हतं, त्यातच हसू आलं.

"द्या इकडे. फाडून टाकतो," श्रीधर म्हणाला. "लोकांनी पाह्यलं त माही काय राह्यन?"

"नाई जी, जवाईबापू." 'नाई' हा शब्द त्या नात्यात पहिल्यांदाच आला होता. "घड्याळ मांगतलं, देल्लं. कॅमेरा मांगतला, देल्ला. हे नाई देत." आणि फोटो बंडीच्या आतल्या खिशात घालून त्यांनी परतीची बस धरली.

पुढच्या दिवाळीला लक्ष्मीपूजन अंधार पडल्यावर झालं, रीतसर. पाडव्याच्या संध्याकाळी ओसरीत पाट मांडला. जावई येऊन बसला. यंदा ट्रान्झिस्टरसाठी रुसायचं, हे तो वर्ध्याहून ठरवूनच आला होता, तशी त्यानं मांडीही घट्ट घातली होती. कोकिळेनं पाच पणत्यांचं तबक ओवाळलं. मग रूपरावांनी ते तबक तिच्या हातातून घेतलं आणि भिंतीकडे वळले. तिथं, पाटाच्या बरोबर वर, चौकट करून तो फोटो टांगला होता. त्यांनी गुलाबच्या कपाळावर कुंकू टेकवलं, तबक ओवाळलं, आणि तसेच क्षणभर उभे राहिले. अंधारात पाच ज्योती काचेत चांगल्या दिसत होत्या, आणि फोटोतल्या पाच त्यांच्यात मिसळून गेल्या.

नत्थूजी फराळाला आले होते. त्यांनी चष्मा पुसून फोटो बघितला, खाली पाटावर बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "रूपराव, याच्यात बैल कोणता अन् जवाई कोणता?"

रूपरावांनी तबक खाली ठेवलं.

"वरचा तो बैल," ते म्हणाले. "अठरा वर्षं होता घरात. एकडाव रुसला नाई."

श्रीधरनं मांडी सोडली, पाटावरून आपणहून उठला आणि म्हणाला, "मामाजी, पानं घ्यायची का?"