नात्याचा रकाना

औषधाच्या दुकानात दुपारी दोन ते चार फारसं कुणी फिरकत नसे. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचण्यात वीस वर्षं घालवलेली फार्मासिस्ट बाई त्या वेळात काउंटरमागच्या कॉम्प्युटरवर आपल्या आजोळची वंशावळ जुळवत बसायची. शहरातल्या जुन्या दफनभूमीच्या नोंदवह्या नुकत्याच इंटरनेटवर आल्या होत्या आणि तिला आजोबा गेले ती नेमकी तारीख हवी होती.

त्या सोमवारी तिने आडनाव टाकलं, पण काहीच सापडेना. मग 'मिळतीजुळती नावं' या चौकटीत तिने खूण केली. आठ नावं आली. आजोबा त्यांत होतेच. त्यांच्या खाली, आडनावातलं शेवटचं अक्षर तसंच चुकलेलं, आणखी एक नाव होतं. ते तिच्या धाकट्या मामाचं.

असेल कुणी दुसरा, म्हणत तिने मूळ पानाचा फोटो उघडला. चूक टाइप करणाऱ्याची होती. वहीत आडनाव बरोबर होतं. वय बावीस. विभाग चार, ओळ नऊ, कबर चौदा. तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. 'खबर देणारा' या रकान्यात थोरल्या मामांची सही होती. ती सही तिने झोपेतही ओळखली असती. मामा तिच्याच शाळेचे मुख्याध्यापक, दहा वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही, शेवटी लांबलचक फराटा. आणि शेजारी, 'मयताशी नातं' या रकान्यात, त्याच हाताने लिहिलं होतं : परिचित.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकट्या मामाला घरात भुंगा म्हणत, कारण तो सतत काहीतरी गुणगुणत असायचा. कॉलेज अर्धवट टाकून तो गॅरेजमध्ये कामाला लागला, तेव्हा थोरल्यांनी त्याला घराबाहेर काढलं. मुख्याध्यापकाचा भाऊ आणि हात ग्रीसने बरबटलेले! वर्षभराने थोरल्यांनीच बातमी आणली, की तो जहाजावर नोकरी धरून परदेशी गेला. मग काय, सगळं घर वाट बघायला बसलं. आजीने पंधरा वर्षं पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली आणि ऐकता ऐकताच ती गेली. भुंगा आईच्या पाठचा भाऊ. आईचे गुडघे कधीच कामातून गेले होते, पण लिफ्ट नसलेला तिसरा मजला ती सोडायला तयार नव्हती. "त्याला हाच पत्ता माहीत आहे गं. आला तर कुठे शोधेल?"

फार्मासिस्ट बाईने दुकान सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि थेट दफनभूमी गाठली.

"चौदावर दगड नाही," रखवालदारीण नकाशावर बोट ठेवत म्हणाली. "बारावर आहे. तिथून दोन मोजा."

बाराव्या कबरीचा दगड आडवा झाला होता. पुढे कंबरभर गवत. दोघींनी हातांनी ते बाजूला सारलं, तेव्हा जमिनीत रुतलेली एक लोखंडी पट्टी दिसली. अंगठ्याने गंज खरवडल्यावर एक आणि चार हे आकडे वर आले.

"इथे कधी कुणी आलंय?"

"माझ्या एकोणीस वर्षांत तरी नाही. तुमच्या ओळखीतले का?"

"ओळखीतले नाहीत! माझा मामा आहे हा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की रखवालदारीण दोन पावलं मागे सरली.

तिथून ती तडक थोरल्या मामांच्या घरी गेली. मामा एक्याऐंशीचे होते. भिंतभर प्रशस्तिपत्रं, त्यांच्या खाली मामा ताठ बसलेले. तिने वहीच्या पानाचा छापून आणलेला कागद त्यांच्यासमोर आपटला.

"हे काय?"

"वाचा. तुमचंच अक्षर आहे."

मामांनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर बराच वेळ तो काढलाच नाही.

"तुला हे कुठे मिळालं?"

"कुठे मिळालं, हे विचारताय? चोराच्या उलट्या बोंबा!"

"ओरडू नकोस. बस." मामा खाली बघत बोलू लागले. "हॉस्पिटलमधून शाळेत फोन आला होता. न्यूमोनिया. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. घरातून काढताना मी त्याला म्हटलं होतं, मेलास तरी मला कळवू नकोस. तुझ्या आजीसमोर म्हटलं होतं. मग तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणून जहाज शोधून काढलंत!"

"तिला सहन झालं नसतं."

"आणि पंधरा वर्षं घंटा ऐकत बसणं सहन झालं? तिचं नाव पुढे करू नकोस. तू स्वतःचं नाक सांभाळलंस!" मामांना 'तू' ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली. "आणि परिचित? भाऊ लिहायला काय शाई संपली होती?"

मामा पुटपुटले, "तिथल्या कारकुनाचा मुलगा माझ्या शाळेत होता. बोभाटा झाला असता."

एवढंच. शाळेतल्या कुठल्याशा पोराच्या बापाला कळू नये म्हणून सख्खा भाऊ परिचित झाला होता. तिला वाटलं, भिंतीवरची प्रशस्तिपत्रं एकेक करून खाली फेकावीत.

"तुझ्या आईला सांगू नकोस," ती दारात पोचल्यावर मामा म्हणाले. "या वयात तिला झेपायचं नाही."

तिने दार धाडकन लावून घेतलं.

पण आईसमोर गेली, की तिच्या तोंडाला कुलूप बसायचं. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा सरला. शेवटी रविवारी सकाळी, आई शेंगा सोलत असताना, तिने कागद पुढे ठेवला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

आई रडली नाही. कागद तिने डोळ्यांजवळ नेऊन तीनदा वाचला. "थंडीत कधी स्वेटर घालायचा नाही मेला," म्हणाली आणि चपला शोधू लागली.

गुडघ्यांना न जुमानता आई नवव्या ओळीपर्यंत चालत गेली आणि गवतातच बसली. मग तिचा बांध फुटला, पण तो रागाचा. "गाढवा, दोन बस लांब होतास! दादाने हाकललं, मी हाकललं होतं का? एक निरोप द्यायला काय झालं होतं तुला?" ती पट्टीवर तळहात आपटत होती. लोखंडाने हात खरचटला, तरी थांबेना.

तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. थोरले मामा. आईने फोन हिसकावून घेतला.

"दादा, तुम्ही गेलात की मी येईन. बहीण म्हणून येईन आणि बहीण म्हणूनच सही करीन. तोवर माझ्या घराची पायरी चढू नका."

परतताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. बाहेर बघत आईने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गेल्या सोमवारी."

आई हळूच वळली. "मंगळवारी जेवताना मी म्हटलं, आता भुंग्याची दाढीसुद्धा पिकली असेल. तू 'हो' म्हणालीस."

"आई, मला सुचतच नव्हतं, कसं..."

"दादालाही सुचलं नव्हतं."

"सहा दिवस आणि एक्केचाळीस वर्षं एकच का गं?"

"मला मोजायला शिकवू नकोस. तोंडावर 'हो' म्हणालीस तू."

आठवडाभर जो राग लेक ताठ मानेने मिरवत होती, तो आता कुठे ठेवावा हे तिला कळेना. आई उठली, दांडीला धरत धरत पुढच्या रिकाम्या सीटपर्यंत गेली आणि पाठ करून बसली.

पुढचे तीन आठवडे ती लेकीशी कामापुरतंच बोलली. थोरल्या भावाशी मात्र पुन्हा कधीच नाही.